समुद्राची मोट

आमच्या मळ्यात दोनच दिशा चालत. पाणी येतं ती वरची आणि पाणी जातं ती खालची. माय म्हणायची, "वरच्या अंगचे वांगे तोड," म्हणजे विहिरीजवळची. आणि "खालतं जाऊन पाह्य, ढोर शिरलं का," म्हणजे शेवटच्या वाफ्याकडे. सूर्य निघतो ती उगवत आणि बुडतो ती मावळत, हेही ठाऊक होतं. पण उगवतीचा उपयोग दात घासताना तोंड कुठे करायचं एवढाच. उत्तर हा शब्द मी शाळेतच ऐकला. दक्षिणेकडे पाय करून निजू नये असं माय सांगायची, त्यावरून ती दिशा मेलेल्या माणसांच्या कामाची असावी असा माझा समज होता. हे सगळं आता लिहायचं म्हणजे थोडं अवघड वाटतं. आयुष्यभर मी मुलांना भूगोल शिकवला. त्या मुलांना मी हे कधी सांगितलं नाही.

आमचं गाव कामरगावापासून पायी तासाभराच्या वाटेवर, आणि आमचा मळा गावाच्या बाहेर. आम्ही माळी. वांगी, कांदे, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी असं काढायचं आणि बाजाराच्या दिवशी मायनं टोपलं डोक्यावर घेऊन कामरगावला जायचं, हा आमचा आठवडा. दिवस वर येण्याआधी बाबा मोट जुंपत. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नसते, म्हणून सांगतो. चामड्याची एक मोठी पखाल दोरानं विहिरीत सोडायची, बैल उताराच्या धावेवरून पुढे चालले की ती भरून वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. मग बैल मागे सरतात, मोट पुन्हा खाली जाते. चाक कुरकुरत राहायचं, कुरकुर थांबली की पाणी भदकन पडायचं, आणि त्यानंतर एक श्वासभर सगळं गप्प. आमच्या घरातलं बोलणंही त्याच तालावर चालायचं. मायला बाबांना काही सांगायचं असलं की ती त्या गप्प क्षणाची वाट पाहायची. पुढे मी कारंज्याला शिकायला गेलो तेव्हा पहिले कित्येक दिवस झोप येईना. सगळे लोक न थांबता बोलतात, हेच मला सहन होत नव्हतं.

थारोळ्यातून पाणी पाटात, पाटातून लहान दांडात आणि दांडातून वाफ्यात. पाट रुंद, दांड त्याहून बारीक, आणि वाफ्याच्या तोंडाशी येईपर्यंत पाण्याची नुसती बोटभर धार. प्रत्येक वाफ्याला मातीचं दार असतं. एक वाफा भरला की ते बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. या कामाला दारं धरणं म्हणतात, आणि आमच्याकडे ते माझी धाकटी बहीण गंगी धरायची. माझ्याहून ती दोन वर्षांनी लहान. तिच्या हातात बाबांचं जुनं, झिजलेलं फावडं असायचं, पण फावड्यापेक्षा ती पायानंच जास्त काम करायची. टाचेनं माती लोटली की दार बंद, अंगठ्यानं उकरली की दार उघडं. पाणी कुठे गळतंय हे तिला पाहावं लागत नसे, आवाजावरून कळे. दुपारी जांभळाखाली आम्ही भाकर खायचो. ज्वारीची जाड भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. जेवतानाही तिचा एक कान पाटाकडे असायचा. तोंडातला घास तसाच ठेवून ती मध्येच उठायची, "फुटला वाटते," म्हणायची, आणि खरंच कुठेतरी पाट फुटलेला असायचा.

गावातल्या शाळेत एकच गुरुजी होते. बाहेरगावचे, एकटे राहायचे, हातानं रांधायचे. दर गुरुवारी मी त्यांना भाजीची जुडी नेऊन द्यायचो, आणि ती हातात घेत ते म्हणायचे, "ये वांग्या." शाळेत माझं नाव तेच पडलं. गुरुजी शिकवत मात्र चांगलं, हे मला आज मान्य करावं लागतं. भिंतीवर आशिया खंडाचा एक मेणकापडी नकाशा होता, अरबस्तानाचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. तपकिरी तो डोंगर, हिरवं ते मैदान, निळा तो समुद्र, हे त्यांनी आम्हांला रंगाच्या खुणांनी शिकवलं. वरची बाजू उत्तर. खालच्या कोपऱ्यातली काळी पट्टी म्हणजे प्रमाण, एवढी लांबी म्हणजे इतके कोस. नदी वाकडीतिकडी जाते म्हणून तिच्यावर ओलं सूत बसवायचं, मग ते सरळ करून पट्टीवर मोजायचं. इतक्या आडगावात असं शिकवणारा माणूस मला नंतरही फार दिसला नाही.

पण त्यांच्याजवळ निरगुडीचा फोक होता. उत्तर चुकलं की ते पोराला ओणवं करायचे, सदरा वर करायला लावायचे आणि पाठीवर एकेक वळ उठवत वर्गाला विचारायचे, "ही कोणती रांग?" वर्गानं एका सुरात म्हणायचं, "हिमालय!" दुसरा वळ त्याच्या वर. "ही?" "कुनलुन!" तिसरा वळ तिरपा आला तर ते स्वतःच म्हणायचे, "हा उरल, जरा चुकला," आणि पुन्हा नीट मारायचे. आम्ही सगळे हसायचो. ज्याच्या पाठीवर आशिया उठत असे तो सोडून. आशियातले पर्वत मला अजून क्रमानं येतात. ते मला कसे पाठ झाले हे मी कोणाला सांगत नाही.

नकाशा घरी नेता येत नसे, म्हणून मी तो पाटीवर उतरवून न्यायचो आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फिरत घोकायचो. गंगी दारं धरता धरता ऐकायची. शाळेत पोट्टी कोणी नव्हती, त्यामुळे हे आपण शिकतो आहोत असं तिलाही वाटत नसावं, मलाही नाही. महिन्याभरात मी अडलो की ती वाफ्यातून सांगू लागली. "इराण झालं, आता अफगानिस्तान म्हन ना." एक दिवस तिनं ओल्या हातानं माझी पाटी ओढून घेतली. मी गंगा नदी काढली होती. बंगालच्या बाजूला जाड रेघ आणि डोंगराकडे बारीक बारीक फाटे, गुरुजींच्या नकाशात होती अगदी तशी.

"हे का पाट हाय?" तिनं विचारलं.

"नदी आहे ते. गंगा."

"माहं नाव कायले देल्लं तिले?" ती हसली, मग बोट फिरवून म्हणाली, "पाटच हाय पाह्य ना. इथं जाड, मंग दांड फुटले, मंग वाफे. जाड हाय तिकडून पानी येते. ही निळी इहीर हाय."

"तो समुद्र आहे, गंगे."

"मंग मोठी इहीर. अन् हे इहिरीपाशी चार-पाच फाटे दिसून राह्यले ना, ते एकाच इहिरीवर चार-पाच मोटा चालतेत."

"समुद्राचं पाणी खारट असते म्हणतात."

तिनं थोडा विचार केला. "पाटानं येता येता गोडं होत असन," म्हणाली, आणि दार बुजवायला पळाली.

वाचणाऱ्याला हसू येईल. पण माझ्या डोळ्यांनी तोवर पाणी एकाच रीतीनं जाताना पाहिलं होतं, मोठ्यातून लहानात. लहान धारा एकत्र येऊन मोठी नदी होते हे मी कुठे पाहणार? आमच्याजवळचा नाला पावसाळ्यात गढूळ होऊन एकदम यायचा आणि जायचा. त्यानं काही शिकवलं नाही. गंगीचं म्हणणं मला पटलं. त्या आठवड्यात तिनं शेवटच्या वाफ्याच्या तोंडाशी, जिथे काही लावत नसत तिथे, चिखलाचा आशिया केला. हिमालयाला विटांचे तुकडे, समुद्राला खड्डा. आणि त्यात पाणी सोडायची ती खड्ड्याच्या बाजूनं.

चौथी संपत आली. पुढे शिकायचं तर कारंज्याला, आणि तिथे जायला गुरुजींचा दाखला लागे. बाबांनी एका जेवणात विषय संपवला होता. "दाखला भेटला तं जाय कारंज्याले. नाई भेटला तं मोटेवर ये. माहे गुडघे आता धावेवर चालत नाईत." त्यात राग नव्हता, धमकीही नव्हती. पण त्या दिवसापासून मला चाकाची कुरकुर ऐकवेना. बैलांच्या मागे चालत जायचं, मागे यायचं, पुन्हा जायचं, मरेपर्यंत. ते मला स्पष्ट दिसू लागलं होतं. देवाजवळ मी एवढंच मागत होतो की मला त्या धावेवर उभं करू नको.

गुरुजींची तोंडी परीक्षा नकाशापुढे व्हायची. माझ्या हातात त्यांनी छडी दिली. पर्वत मी सांगितले, देश सांगितले, सुतानं अंतर मोजून दाखवलं. गुरुजी मान हलवत होते. मग म्हणाले, "आता गंगेचा प्रवाह दाखव. उगमापासून मुखापर्यंत." मी छडीचं टोक बंगालच्या निळ्या पाण्यात ठेवलं आणि ती जाड रेघेवरून वर, बारीक फाट्यांपर्यंत नेली.

वर्गात आधी कोणी हसलं नाही. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा दाखव." मी पुन्हा दाखवलं. "म्हणजे समुद्रातून निघून गंगा हिमालयावर चढते?" मी होय म्हणालो. मग वर्ग फुटला. गुरुजींनी मला ओणवं केलं. हिमालय झाला, कुनलुन झाला. तिसऱ्याला थांबून त्यांनी विचारलं, "हे शिकवलं कोणी तुला? मी तर नाही."

उरल पाठीवर यायचा होता. मी म्हणालो, "माह्या बहिणीनं."

फोक खाली आला नाही. "बहिणीनं?" त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "अरे वा! मग उद्या तिला घेऊन ये. तुझा दाखला तीच मिळवील."

मला काय होणार हे माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो आवाज मी चार वर्षं ऐकत होतो. मला माहीत होतं. घरी जाऊन मी गंगीला एवढंच सांगितलं, "गुरुजीनं तुला बोलावलं. तुझा नकाशा पाहायचा म्हणतात."

"मले? शायेत?" तिचा विश्वास बसेना. मायनं तिला डोकं धुऊन तेल लावून दिलं. बाजारातून आणलेलं हिरवं परकर-पोलकं सणासाठी ठेवलं होतं, ते तिनं हट्टानं काढलं. वाटेनं ती माझ्या पुढे पुढे चालत होती. "काय इचारतीन रे दादा? आधी देश सांगू का नद्या?" असं वळून वळून विचारत होती.

शाळेच्या अंगणात आदल्या दिवशीच आम्हा पोरांकडून गुरुजींनी मातीचा मोठा आशिया करवून घेतला होता. दगडांचा हिमालय, आणि त्याच्या खाली समुद्राचा खड्डा, पाण्यानं भरलेला. सगळा वर्ग भोवती उभा केला होता. गंगीनं आपल्या चिखलाच्या आशियापेक्षा तो कितीतरी मोठा पाहिला आणि ती हरखून गेली. गुरुजींनी विचारलं तशी ती बसली, बोट फिरवत सगळं सांगू लागली. ही इहीर, हा पाट, हे दांड. पोरं हसली. ती पण हसली. आपलं सांगणं त्यांना आवडतंय असं तिला वाटलं.

"फार छान," गुरुजी म्हणाले. "तर मग पाणी डोंगरावर चढवून दाखव."

गंगीनं खड्ड्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. मग अगदी सरळपणे, कामाच्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "मोट कुठी हाय गुरुजी? मोटेबिगर पानी वर येत नाई."

पोरं पोट धरून हसली. गुरुजी हसले नाहीत. "बरोबर," म्हणाले. "मोट पाहिजे. वांग्या, आडाचा दोर आण." दोराच्या एका टोकाला त्यांनी फुटकं टमरेल बांधायला लावलं. दुसरं टोक मोठा फास करून गंगीच्या दोन्ही खांद्यांवरून घातलं. "मोट आली. बैलही आला. आता हाकणारा पाहिजे. मळ्यात कोण हाकतं?"

"बाबा," मी म्हणालो.

"आणि दाखला नाही मिळाला तर?"

"मी."

"मग हाक की."

माझ्या हातात त्यांनी आपला फोक दिला. टमरेल समुद्रात बुडवलं होतं. मी गंगीच्या मागे उभा राहिलो. ती वळून हळूच म्हणाली, "दादा, असं केलं म्हंजे दाखला देतीन ना?"

मी म्हणालो, "चाल."

ती चालली. टमरेल बंगालवरून घासत आलं, डोंगराच्या पायथ्याशी उलटलं, त्यातलं घोटभर पाणी दगडांवर पडलं आणि परत खड्ड्याकडे वाहून गेलं. "चढली का गंगा?" गुरुजींनी विचारलं. "नाही!" वर्ग ओरडला. "मग पुन्हा." गंगी मागे सरली, मी टमरेल बुडवलं, ती पुन्हा चालली. "नाव काय रे तुमच्या बैलाचं?" "पवळ्या." "मग नावानं हाक, त्याशिवाय बैल चालतो का?" मी म्हणालो, "चाल पवळ्या." पोरांनी ते उचललं. कोणी हैक हैक करू लागलं, कोणी शेपटी पिळायचं सोंग करत तिचा परकर ओढला. मी जिभेनं टक टक असा आवाज केला, बाबा करतात तसा. तो मला कोणी करायला सांगितला नव्हता. आणि मी हसत होतो. गुरुजींकडे पाहत, त्यांना दिसेल असं हसत होतो.

किती फेऱ्या झाल्या मला सांगता येणार नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ती मागे वळून माझ्याकडे पाहायची, नंतर तिनं पाहिलं नाही. मान खाली घालून ती पुढे जरा वाकून चालू लागली, खऱ्या बैलासारखी, कारण दोर ओढायचा तर तसंच वाकावं लागतं. हिरव्या परकराची किनार आशियाच्या चिखलात माखली. शेवटी दगडांचा हिमालयच ढासळला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "पुरे. सगळ्यांना कळलं ना गंगा कुठून कुठे वाहते?" वर्ग म्हणाला, "हो!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. गुरुजींनी आत जाऊन दाखला लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. अक्षर सुरेख होतं.

घरी मायनं तिच्या खांद्यावरचे वळ पाहिले. "हे काय वो बाई?" गंगी म्हणाली, "शायेत खेयलो आमी. बैल-बैल." बाबांनी दाखला उलटा-सुलटा करून पाहिला, डोक्याला लावला आणि सगळ्यांना गूळ वाटला. गंगीच्याही हातावर खडा ठेवला. तिनं तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती दारं धरायला गेली तेव्हा शेवटच्या वाफ्याशी थांबली, अंगठ्यानं पाट फोडला आणि आपल्या चिखलाच्या आशियात पाणी सोडलं, या वेळी डोंगराच्या बाजूनं. तो विरघळून सपाट होईस्तोवर उभी राहिली. तिथे मायनं मग कांद्याचं रोप लावलं. माझी पाटी तिनं पुन्हा मागितली नाही. गावातली पोरं तिला उलटी गंगा म्हणू लागली, आणि लग्न होऊन मानोऱ्याकडे गेली तोपर्यंत म्हणत राहिली. माझं वांग्या हे नाव मात्र त्या दिवसापासून सुटलं.

कारंज्याहून मी अमरावतीला गेलो; कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घराण्यातला मी पहिला. तिथे एक दिवस प्रोफेसर मोसमी वारे शिकवत होते. उन्हानं समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जातं, मीठ खाली राहतं, वारा ते वाहून आणतो, डोंगराशी अडतो, पाणी पडतं, आणि तेच नद्यांना मिळतं. बाकीची मुलं उतरवून घेत होती. माझा टाक तसाच राहिला. पाटानं येता येता गोडं होत असन. समुद्र विहीरच होता. तिनं विचारलं होतं तेवढंच राहिलं होतं, मोट कुठे आहे, आणि त्याचं उत्तर आम्हा कोणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं, गुरुजींनाही असेल असं वाटत नाही.

सुट्टी लागताच मी नकाशांचं पुस्तक घेऊन तिच्या सासरी गेलो. ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती, एक मूल मांडीशी, एक पाठीशी. मला वाटत होतं, हे सांगितलं की माझं काहीतरी फिटेल. मी पुस्तक तिच्यापुढे उघडलं आणि आमच्या बोलीत सांगू लागलो, "गंगे, तुहंच खरं होतं. समुद्र इहीरच हाय. मोट सापडली." वारा कसा येतो, पाणी कसं उचलतो, डोंगरावर कसं रिकामं करतो, हे सगळं बोट फिरवून सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग वारं म्हंजे मोट," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं सुपातला एक खडा वेचला, अंगणात टाकला. "अन् बैल कोन व्हता, दादा?"

उत्तर पुस्तकात होतं. सूर्य. मला ते पाठ होतं. मी पुस्तक मिटलं.